पैसे भरून एआय घेताना: घरातली चार खाती आणि ‘तुम्ही पात्र नाही’

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढे वाचायची गरज नाही. एआयचा पैसे भरून घ्यायचा प्लॅन: पाचपैकी चार तारे. तो प्लॅन विकत घेण्याची व्यवस्था: दीड. त्यातला अर्धा तारा मदतकक्षातल्या एका मुलीचा आहे, तिच्याबद्दल पुढे लिहिलंय.

रत्नागिरीत कोर्टाच्या रस्त्याला माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रांचे मसुदे, सोसायट्यांची इतिवृत्तं आणि सीझनला लग्नपत्रिका. फुकटातलं एआय मी बरेच दिवस वापरलं. कामाला वाईट नव्हतं, पण दुपारी बाराच्या सुमारास, कोर्टातून माणसं धावत येतात नेमकी त्याच वेळी, आजची मर्यादा संपली असं सांगून ते गप्प बसायचं. म्हणून पैसे द्यायचं ठरवलं. मी द्यायला तयार, कंपनी घ्यायला बसलेली आणि मध्ये एक वाक्य: हा प्लॅन तुमच्या खात्यासाठी उपलब्ध नाही. का नाही, ते सांगत नाहीत. काय केलं तर होईल, तेही नाही. खाली ‘अधिक माहिती’ असतं. ते दाबलं की अटींचं लांबलचक पान उघडतं, सगळ्या जगासाठी एकच.

कंपनीचं नाव लिहीत नाही. एकीकडे जमेना म्हणून दुसरीकडे गेले, तिथे भाषा वेगळी पण प्रकार तोच. एकीच्याच नावाने शंख करण्यात अर्थ नाही.

हे वाक्य आता पुष्कळ जणांच्या ओळखीचं झालं असेल, कारण २०२५ मध्ये आपल्याकडे या प्लॅनची खिरापत वाटली गेली. जुलैत एअरटेलने आपल्या ग्राहकांना परप्लेक्सिटी या एआयचं प्रो वर्षभर फुकट दिलं. त्याच महिन्यात गुगलने १८ वर्षांवरच्या विद्यार्थ्यांसाठी एआय प्रो वर्षभर मोफत ठेवलं, नोंदणीची मुदत १५ सप्टेंबर. ऑगस्टमध्ये चॅटजीपीटी गो महिना ३९९ रुपयांना आलं, यूपीआयने पैसे भरायची सोय घेऊनच. नोव्हेंबरात नव्याने नोंदणी करणाऱ्यांना तेही वर्षभर फुकट मिळू लागलं. ऑक्टोबरच्या अखेरीस जिओने गुगल एआय प्रो १८ महिन्यांसाठी जाहीर केलं, आधी १८ ते २५ वयाच्या ग्राहकांना आणि पुढच्याच महिन्यात अनलिमिटेड फाइव्ह-जीवाल्या सगळ्यांना. महिन्याचे १,९५० धरले की १८ महिन्यांचे ३५,१०० होतात, तोच आकडा जाहिरातीत होता. एवढं फुकट म्हटल्यावर ज्यांनी कधी अ‍ॅपसाठी रुपया मोजला नव्हता तेही रांगेत आले. प्रत्येक योजनेची अट निराळी: कुठे वय, कुठे रिचार्ज, कुठे कॉलेजचा पुरावा. नकाराचं वाक्य मात्र सगळीकडे सारखंच मोघम.

आमच्या घरात चार खाती अडली आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं निघालं. म्हणूनच हे लिहिण्यासारखं वाटलं. एकच कारण असतं तर दोन ओळींत आटोपलं असतं.

माझं सगळ्यात सरळ. दुकानाचा ईमेल आमच्या वेबसाइटवाल्याने करून दिलेला आहे, मागे दुकानाचं नाव असलेला. दिसायला साधा मेल, पण आतून ते संस्थेचं खातं. अशा खात्यावर मालकी अ‍ॅडमिनची, आणि अ‍ॅडमिन म्हणजे आमचा वेबसाइटवाला, जो गणपतीत फोन उचलत नाही आणि शिमग्यात तर नाहीच. व्यक्तींसाठीचे प्लॅन या खात्यावर विकतच मिळत नाहीत. संस्थांसाठीचे वेगळे असतात, माणशी दराने, आणि ते अ‍ॅडमिनने घ्यायचे. शाळा-कॉलेजच्या खात्याचंही हेच. माझी नणंद साताऱ्याकडे शिक्षिका आहे, शाळेच्या मेलवरून प्रयत्न करून करून कंटाळली होती. वन्संना म्हटलं, तुमचा स्वतःचा मेल उघडा आणि त्यातून बघा. लगेच दिसला प्लॅन.

मी पण तेच केलं. पण दुकानाच्या सगळ्या फायली दुकानाच्या खात्यात आणि एआय माझ्या घरच्या खात्यात, ही फाटाफूट त्रासदायक आहे. फोल्डर एका खात्यातून दुसऱ्याला शेअर करून चालवतेय. एक मात्र बरं झालं: काय पाठवायचं आणि काय नाही याचा विचार प्रत्येक वेळी करावा लागतो. पक्षकारांची नावं, गट नंबर, आधार क्रमांक मी आधी काढून टाकते, जागा रिकाम्या ठेवते आणि मसुदा परत आल्यावर भरते. शिवाय आपल्या गप्पांवरून त्यांचं एआय शिकवायला परवानगी देणारं बटण सेटिंगमध्ये असतं, ते बंद करून ठेवलंय. डीटीपीवाल्यांनी हे करावंच. लोक आपल्याला विश्वासाने कागद देतात.

दुसरं खातं आबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. पंचाहत्तरीला आलेले. त्यांच्या रिचार्जबरोबर एक प्लॅन फुकट मिळत होता आणि फुकटचं सोडायचं नाही हा त्यांचा बाणा. पेन्शनच्या कार्यालयाची पत्रं त्यांना कोणीतरी सोप्या मराठीत समजावून हवी असतात, आणि मी दुकानात. मेसेज आला होता, ऑफर दिसत होती, बटण दाबलं की नकार.

आबांचा फोन काही वर्षांपूर्वी एका दुकानातून घेतलेला. तिथल्या पोरानेच खातं उघडून दिलं होतं. खात्यात नाव काय, तर ‘आबा न्यू मोबाइल’. जन्मतारीख १ जानेवारी, आणि साल असं की आबा माझ्या मुलापेक्षाही लहान. त्या पोराला सत्तर-पंचाहत्तर वर्षं मागे जाईपर्यंत बोट फिरवायचा कंटाळा आला असणार. म्हणजे इतकी वर्षं कंपनीच्या लेखी आमच्या घरात एक शाळकरी मुलगा होता, जो रोज पहाटे उठून भजनं ऐकतो आणि दुपारी भावांतर योजनेचे व्हिडिओ बघतो.

हे आमच्याच घरी झालं असं समजू नका. दुकानात येणाऱ्या वयस्कर माणसांचे फोन मी आता मुद्दाम बघते. १ जानेवारीला जन्मलेले इतके लोक एका तालुक्यात असूच शकत नाहीत. खात्यातली तारीख १८ च्या खालची असेल तर पैसेवाला प्लॅन मिळत नाही, रिचार्जबरोबर फुकट येणाराही नाही. आणि ही तारीख आपल्याला रोज कुठे दिसत नाही, त्यामुळे संशय तिथे जातच नाही. खात्याच्या ‘वैयक्तिक माहिती’त जाऊन बघावी लागते.

तारीख बदलणं सोपं, पण नुसती बदलून भागेलच असं नाही. अल्पवयीन म्हणून नोंदलेलं खातं अचानक पंचाहत्तरीचं झालं की यंत्रणा पुरावा मागते: सरकारी ओळखपत्राचा फोटो किंवा क्रेडिट कार्ड. क्रेडिट कार्ड आबांनी आयुष्यात घेतलेलं नाही. आधारचा फोटो पाठवायला मी तयार नव्हते, लायसन्सची मुदत कधीच संपलेली. शेवटी पॅन कार्ड काढलं. त्याआधी खात्यातलं नाव नीट केलं, पॅनवर आहे तसं, कारण कागद एका नावाचा आणि खातं ‘न्यू मोबाइल’चं म्हटल्यावर कोण मान्य करणार. फोटो टेबलावर, उजेडात, चारही कोपरे दिसतील असा काढला. फ्लॅश मारला की लॅमिनेशन चमकतं आणि अक्षरं जातात, हे झेरॉक्सवालीला कोणी सांगायला नको. मान्यता आली. पण मान्यता आली त्याच क्षणी प्लॅन दिसत नाही, हे लक्षात ठेवा. मध्ये काही वेळ जातो. त्या वेळात माणसं पुन्हा पुन्हा बटण दाबतात, लॉगआउट करतात, अ‍ॅप काढून परत टाकतात. आबांनी तर फोन बंद करून देवघरात ठेवला होता. दुसऱ्या दिवशी आपोआप झालं, श्रेय देवाला गेलं.

रिचार्जबरोबर मिळणाऱ्या प्लॅनची आणखी एक गोम इथेच सांगून टाकते. ऑफर येते सिमवर, प्लॅन बसतो खात्यावर. सिम आबांचं, पण फोनमध्ये आबांचं आणि नातवाचं अशी दोन खाती लॉगिन केलेली. त्या क्षणी जे खातं पुढे असेल त्याच्यावर प्लॅन जाऊन बसतो, आणि एकदा बसला की दुसरीकडे हलवणं जिकिरीचं. म्हणून हे करताना दुसरी खाती फोनमधून तात्पुरती काढून टाकावीत. फुकट काळ संपल्यावर पैसे कापले जाणार का, हे तिथल्या तिथे वाचावं आणि संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. आमच्याकडे महालक्ष्मी कॅलेंडरच्या मागच्या पानावर दुधाच्या हिशेबाखाली लिहिलेली आहे.

आता भाऊजी. इथे खरी कसोटी लागली.

माझे मोठे दीर शारजात बरीच वर्षं नोकरीला होते, आता कायमचे परत आलेत. त्यांना प्लॅन हवा होता बागेसाठी: हापूसच्या कलमांवरचे रोग, फवारणीच्या नोंदी, निर्यातीचे कागद. खातं त्यांचं स्वतःचं, जन्मतारीख बरोबर, पैसे द्यायची तयारी. तरी नकार. कधी नकार, तर कधी प्लॅन दिसायचा आणि किंमत दिरहममध्ये. यूपीआयचा पर्याय तर कुठेच नाही. भाऊजींचं म्हणणं, मी भारतात बसलोय, सिम भारताचं, समोर समुद्र दिसतोय, याला अजून शारजा कसं वाटतं?

तर त्याचं असं आहे. आपल्याला वाटतं ‘देश’ म्हणजे आपण जिथे बसलोय तो. यंत्रणेकडे देशाच्या निरनिराळ्या नोंदी असतात आणि त्या एकमेकींना विचारत नाहीत. एक खात्याचा देश, ज्या देशाच्या सेवाशर्ती त्या खात्याला लागू आहेत तो. दुसरा अ‍ॅप स्टोअरचा देश. तिसरा पैसे भरण्याच्या प्रोफाइलचा देश, जिथे आपला पत्ता आणि कार्ड असतं. आणि चौथा, त्या क्षणी इंटरनेट कुठून येतंय तो. भाऊजींचे पहिले तीन अमिरातीत होते. चौथा तर रोज बदलत होता, कारण अमिरातीतून व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल लागत नव्हता म्हणून मुलांनी त्यांच्या फोनमध्ये व्हीपीएन, म्हणजे इंटरनेट दुसऱ्याच देशातून येतंय असं भासवणारं अ‍ॅप, टाकून दिलं होतं आणि ते इथे आल्यावरही चालूच राहिलेलं. कधी नेदरलँड्स, कधी सिंगापूर. आमचा गडी सोमेश्वरला कलमाखाली उभा आणि इंटरनेट युरोपातून.

व्हीपीएन पहिलं काढलं. मग स्टोअर. अँड्रॉइडच्या प्ले स्टोअरमध्ये सेटिंगच्या आत ‘देश आणि प्रोफाइल’ असा पर्याय आहे. तिथे देश बदलता येतो, पण त्याचे नियम कडक आहेत आणि ते आधी माहीत असलेले बरे. तुम्ही प्रत्यक्ष नव्या देशात असायला हवं. नव्या देशातलं पैसे भरण्याचं साधन जोडावं लागतं. बदल व्हायला दोन दिवसांपर्यंत लागू शकतात. एकदा बदललं की वर्षभर पुन्हा बदलता येत नाही. आणि जुन्या देशातली स्टोअरची शिल्लक नव्या देशात वापरता येत नाही. भाऊजींची तिथे काही दिरहमांची शिल्लक होती, कोणीतरी भेट दिलेली. ती सोडून द्यायला ते तयार होईनात. रक्कम मोठी नव्हती, पण कष्टाच्या देशातले पैसे, तसे सुटत नाहीत. वहिनींनी एका संध्याकाळी त्यातून एक गोष्टींचं अ‍ॅप घेतलं, नातवंडांसाठी, आणि विषय संपवला.

पुढे कुटुंबाचा गट आडवा आला. त्यांचा मुलगा अजून तिकडेच आहे आणि फोटो-फायलींच्या ऑनलाइन साठवणीची जागा वाटून घेण्यासाठी त्याने वडिलांना आपल्या फॅमिली ग्रुपमध्ये घेतलं होतं. गुगलच्या या गटात सगळे एकाच देशातले लागतात, माणसाला एका वेळी एकाच गटात राहता येतं आणि गट बदलणं वर्षातून एकदाच. म्हणजे आज मुलाच्या गटातून बाहेर पडलात आणि उद्या माझ्या नवऱ्याच्या गटात शिरलात, तर मग वर्षभर तिथेच. म्हणून आधी ठरवा, मग बाहेर पडा. आम्ही भाऊजींना कोणाच्याच गटात घातलं नाही. स्वतंत्र राहू दे म्हटलं, वाटण्या काय कागदावरच होतात असं नाही.

आता मदतकक्ष. भाऊजींच्या बाबतीत मी दोनदा चॅटवर बोलले. पहिल्यांदा यंत्रच होतं. कॅशे साफ करा, दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघा, काही वेळाने प्रयत्न करा. हे उत्तर चुकीचं आहे असं नाही, पण ते कोणत्याही प्रश्नाला देता येतं आणि म्हणून कोणत्याच प्रश्नाचं उत्तर नाही. दुसऱ्यांदा माणूस मागितला. बऱ्याच वेळाने एक मुलगी आली, हिंदीत बोलली. ज्या कंपनीचं एआय मला अस्खलित मराठीत वाटणीपत्र लिहून देतं, तिच्या मदतकक्षात मराठी नाही, हे मला अजून पटलेलं नाही. असो. तिला मी ‘प्लॅन का मिळत नाही’ असं विचारलं नाही. विचारलं, खात्याचा प्रकार, वय, देश, पैशाचं प्रोफाइल आणि आधीचा प्लॅन, या पाचांपैकी कशावर अडलंय तेवढं सांगा. ती थांबली, तपासलं आणि म्हणाली, सुरक्षिततेच्या कारणाने सगळं सांगता येणार नाही, पण तुमचं बिलिंग प्रोफाइल दुसऱ्या देशाचं आहे, ते नवं उघडा. एवढंच. त्या एका वाक्याने आमचं काम झालं. स्टोअरचा देश बदलून झाला होता, पण पैशाचं जुनं प्रोफाइल, शारजाच्या पत्त्याचं, तसंच खाली पडून होतं आणि नवीन खरेदी त्याच्याकडेच जात होती. नवं प्रोफाइल उघडलं, रत्नागिरीचा पत्ता घातला, यूपीआय जोडलं. अर्धा तारा तिचा तो हा.

हे वाक्य सुरुवातीलाच पडद्यावर लिहायला कंपनीला काय अडचण आहे, हा माझा या सगळ्यातला मुख्य आक्षेप आहे. फसवणूक करणाऱ्यांना माहिती मिळू नये म्हणून ते कारण सांगत नाहीत, असं समर्थन असतं. वयाच्या बाबतीत मी ते एकवेळ समजू शकते. पण ‘तुमचं बिलिंग प्रोफाइल भारताचं नाही’ हे सांगितल्याने कोणता चोर घरात शिरणार? तलाठी कार्यालयात सुद्धा अर्ज परत येतो तेव्हा वर पेन्सिलने लिहिलेलं असतं, उतारा जोडला नाही.

पैशांच्या बाजूने एक प्रकार असा असतो की खातं पात्र असतं, अडतं ते बँकेकडे, पण पडदा दोन्हींत सारखाच चेहरा करतो. दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, कार्डांसाठी ते ऑक्टोबर २०२१ पासून पक्के लागू झाले. पहिल्यांदा ओटीपीने मंजुरी द्यायची, मग १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम दर वेळी ओटीपी न मागता कापता येते, मात्र किमान २४ तास आधी तसा मेसेज यायला हवा. ज्या बँकेच्या कार्डावर ही सोयच नाही, त्या कार्डावर वर्गणी बसत नाही. माझं एका सहकारी बँकेचं डेबिट कार्ड असंच नाकारलं गेलं. वीजबिल भरतं, रेल्वेचं तिकीट काढतं, वर्गणी म्हटलं की नाही. यूपीआय ऑटोपेने चाललं. त्याचा फायदा असा की मंजुरी आपल्या यूपीआय अ‍ॅपमध्ये दिसते आणि तिथूनच रद्द करता येते, कंपनीच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. तरी आधी प्लॅन रद्द करा, मग मंजुरी काढा. फुकट महिन्यासाठी सुद्धा ही मंजुरी घेतात आणि तिच्यावर पूर्ण रक्कम लिहिलेली असते. आबा ती बघून दचकले होते. ती वरची मर्यादा असते, त्या दिवशी कापली जाणारी रक्कम नव्हे.

आयफोनवाल्यांसाठी एकच ओळ: साठवणीचा जुना प्लॅन अ‍ॅपलमार्फत घेतला असेल तर आधी तो तिथूनच बंद करावा लागतो. वन्संचं दुसऱ्या फेरीत तेच निघालं.

चौथं खातं मुलाचं, आणि ते अजून अडलेलंच आहे. तो बारावीत आहे, सतरा पूर्ण. त्याच्या वर्गातल्या काही मुलांनी जन्मसाल मागे ढकलून घेतलंय. तो मला म्हणाला, आई, आजोबांची तारीख तू बदललीस, माझी का नाही? मी म्हटलं, त्यांची खोटी होती, ती खरी केली. तुझी खरी आहे. यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, पण चेहरा होता. घरच्या प्लॅनमधली साठवणीची जागा त्याला वाटून मिळते, एआयच्या बऱ्याच सोयी १८ च्या खाली मिळत नाहीत. माझ्या मते हा एक नकार योग्य आहे. फुकटातल्या आवृत्तीत गणितं समजावून घेण्यापुरतं त्याला मिळतं, आणि भौतिकशास्त्राचं उत्तर आयतं मिळण्यापेक्षा ते पुरे.

याच निमित्ताने एक धोक्याची गोष्ट. पात्रता नाही म्हटलं की लोक टेलिग्रामवर जातात. तिथे वर्षाचा प्लॅन काही शे रुपयांत मिळतो. एका गिऱ्हाइकाने असा घेतला होता. विकणाऱ्याने त्याला भलत्याच देशातल्या भलत्याच माणसाच्या फॅमिली ग्रुपमध्ये घातलं. थोड्या दिवसांनी गटातून काढून टाकलं, पैसे गेले, आणि वर सांगितल्याप्रमाणे गट बदलण्याची वर्षाची संधीही गेली. आता त्याच्या बायकोने घेतलेल्या प्लॅनमध्ये त्याला शिरता येत नाही. दुसरे काही जण तयार खातं आणि पासवर्ड विकतात. त्या खात्यात तुम्ही जे काही टाकाल ते विकणाऱ्यालाही दिसतं. वाटणीपत्रं टाकणाऱ्यांनी विचार करावा.

मग एवढं करून मिळालं काय? मला, भरपूर. लांबलचक पीडीएफ एका वेळी वाचून घेतं. जुन्या टंकलेखित दस्तांचा फोटो दिला की मजकूर करून देतं, मी फक्त तपासते. पूर्वी अशा एका दस्तात माझी अख्खी दुपार जायची. कोर्टाच्या मराठीतला ‘येणेप्रमाणे’ आणि ‘लिहून देणार’ त्याला जमतं, उगाच पुस्तकी करत नाही. लग्नपत्रिकांच्या मजकुरात मात्र फार गोड होतं, प्रत्येक वेळी ‘मंगलमय’ कापावं लागतं. मोडीपुढे त्याने हात टेकले, आणि वाईट म्हणजे टेकले असं कबूल न करता ठोकून दिलं. आमच्याकडे जुने मोडी कागद खूप येतात, ते मी पूर्वीसारखे मोडी वाचणाऱ्या काकांकडेच पाठवते. क्षेत्राचे आकडे, हेक्टर-आर, प्रत्येक वेळी स्वतः ताळा करायचे, याला पर्याय नाही. म्हणून चार तारे, पाच नाहीत. ३९९ वाला प्लॅन घरच्या वापराला पुरतो असं माझं मत. जास्तीचा मी दुकानामुळे घेतला, आणि मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागली की बंद ठेवणार आहे.

भाऊजी खूश आहेत. करप्याचा फोटो टाकून तासभर त्याच्याशी वाद घालतात. कोकण कृषी विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक आपल्याला पाठ आहे, हे त्याला शिकवायचा त्यांचा प्रयत्न असतो. डिसेंबरात मुलाकडे जायचं म्हणतायत. तिकडे गेल्यावर स्टोअरने देश बदलायचा का विचारलं तर ‘नाही’ म्हणा, असं वहिनींना सांगून ठेवलंय, त्यांना सांगून उपयोग नाही.

दुकानात आता या कामासाठीही माणसं यायला लागलीत. ज्यांना यायचंय त्यांनी फोन चार्ज करून आणा, यूपीआयचा पिन लक्षात असू द्या, ओळखपत्राचा मूळ कागद आणा, झेरॉक्स नको, ती माझ्याकडे होते. पासवर्ड मला सांगू नका, स्वतः टाका. आणि ज्याचं खातं आहे तो माणूस सोबत आणा. परवा एक गृहस्थ सासूबाईंचा फोन घेऊन आले होते, ओटीपी सासूबाईंच्या दुसऱ्या फोनवर, सासूबाई देवरुखला.